मूल ॲडमिट आहे आणि ताटात गहू नको

आमच्या गिरणीतून पीठ नेणाऱ्या बऱ्याच घरांत एखादं सिलिॲकचं मूल आहे, म्हणजे गहू आणि जव यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन ज्याला चालत नाही असं. घरी सगळं बसलेलं असतं: वेगळा तवा, वेगळं लाटणं, डब्यांवर चिठ्ठ्या. मग एका रात्री ताप उतरतच नाही, मूल ॲडमिट होतं आणि सकाळी वॉर्डात नाश्त्याची ट्रॉली येते. तिच्यावर उपमा असतो, दलिया असतो, नाहीतर दूध-बिस्किट. त्या सकाळसाठी हे पत्रक आहे.

"ग्लुटेन" नको, "गहू" म्हणा

डॉक्टरांना ग्लुटेन कळतं. पण ताट डॉक्टर आणत नाहीत, मावशी आणतात. "ग्लुटेन नको" म्हटल्यावर समोरच्याला "ग्लुकोज नको" ऐकू आलं आणि शुगर-फ्री बिस्किटं हातात पडली, असं आम्हाला एकाहून जास्त पालकांनी सांगितलं आहे. सलाईनमधल्या ग्लुकोजचा ग्लुटेनशी काही संबंध नाही, ते निर्धास्त लावू द्या.

मावशींना धान्याच्या नावानं सांगा: "मावशी, हिला गव्हाचं काहीच चालत नाही. चपाती, ब्रेड, बिस्किट, टोस्ट, रवा, मैदा, शेवया, दलिया, काहीच नाही. जव नाही, माल्टचं पेय नाही, हिंगही नाही." एवढं कुणालाही कळतं. आणि हे एकदा सांगून भागत नाही. ड्यूटी बदलते, सकाळच्या मावशी दुपारी नसतात. प्रत्येक पाळीला, न कंटाळता, तेच वाक्य सांगायचं. सिस्टरनाही सांगा आणि केसपेपरवर ठळक लिहून घ्या. आहारतज्ज्ञ असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. बाहेरचं अन्न बंद असेल तर "घरचा डबा चालेल" हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे रोज दारावर वाद नको.

"एवढंसं खाल्लं तर काय होतंय?"

हा प्रश्न येणारच, कारण सिलिॲकमध्ये लगेच तोंड सुजत नाही की श्वास अडकत नाही. ही ॲलर्जी नव्हे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, आणि अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात. मूल वरून ठणठणीत दिसत असलं तरी आत हे चालू असू शकतं. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झाल्याचं संशोधनात दिसलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ते ५० मिलिग्रॅम स्लाइसच्या चाळिसाव्या तुकड्यात आलं.

गव्हाचा हा दोष नीट कळला तोही मुलांच्या दवाखान्यातच. नेदरलँड्समधल्या हेग शहरात डॉ. विलेम डिके बालरुग्णालयात काम करत. त्यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि आजूबाजूला सगळे उपाशी असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली यावर प्रबंध लिहिला. आजही या आजारावर मुख्य उपचार तोच आहे: ग्लुटेन पूर्ण बंद.

आजारपणातलं आपलं जेवण

इथे आम्ही स्वतः चुकलो आहोत, म्हणून जरा थांबून सांगते. आमची मुलगी सहा वर्षांची असताना डेंग्यूने ॲडमिट होती. तिसऱ्या दिवशी तिला जरा भूक लागली. सासूबाई प्रेमानं मऊ भात, तूप आणि मेतकूट घेऊन आल्या. दोन घास गेले आणि माझ्या डोक्यात आलं. मी वाटी धरली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मेतकुटात गहू कुठला?" आणि स्वतःच बोटांवर मोजू लागल्या: हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ... चौथ्या बोटावर त्या थांबल्या. पुढचा सगळा दिवस त्या खुर्चीत गप्प बसून होत्या. चूक त्यांची एकटीची नव्हती. घरातली पिठं मी बदलली होती, पण मेतकुटाची बरणी त्यांच्याच घरची होती आणि तिचा विचार मी कधी केलाच नव्हता.

तेव्हा ध्यानात ठेवा: मेतकूट, सातूचं पीठ, थालिपिठाची भाजणी या तिन्हींत गहू असतो. डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असू शकतो, आणि आपल्याकडे वरण शिजवतानाच हळद-हिंग पडतं, त्यामुळे फोडणी वगळून उपयोग नाही. नाचणी सत्त्वाच्या तयार पाकिटांत कधी गहू किंवा माल्ट असतं. सूपला मैदा लावलेला असतो. काही ठिकाणी भाकरी तुटू नये म्हणून ज्वारीत थोडं गव्हाचं पीठ घालतात, आणि नाही घातलं तरी तवा चपातीचाच. ओट्स "हलकं" म्हणून देतात, पण त्यात गव्हाची भेसळ सहज होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते नकोत.

उपवासाचं मागा

वॉर्डात आणि कँटीनमध्ये सगळ्यांना समजणारा एक शब्द आपल्याकडे आहे. उपवासाला गहू चालत नाही, हे कुणाला समजवावं लागत नाही. वरीचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, दही, केळी: यातलं काहीही स्वभावतः ग्लुटेनमुक्त आहे. मंगळवारी-गुरुवारी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी मिळाली तर देवच पावला. तळलेलं मात्र टाळा, त्याच कढईत समोसे तळलेले असतात. बाकीच्या दिवशी साधा भात, उकडलेलं अंडं, उकडलेला बटाटा, तांदळाची पेज. पदार्थ जेवढा साधा तेवढा धोका कमी.

पिशवी तयार ठेवली असेल तर रात्रीची धावपळ वाचते. आम्ही अशी ठेवतो: मुलाचं ताट, वाटी, चमचा, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याची चिक्की, वरीच्या पिठाची पुडी, तूप, आणि कापडात गुंडाळलेलं छोटं पातेलं. पिठं कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही. पण गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर दळलेलं ज्वारीचं पीठ नको. आम्ही वेगळी गिरणी टाकली ती याच कारणानं. पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहायचं असेल तर आपल्या नियमानुसार किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही.

भेटायला येणाऱ्यांना आधीच फोनवर सांगा: बिस्किटाचा पुडा नको, सत्यनारायणाचा शिराही नको. फळं आणा. आणि हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं जंतू मरतात, बोटांवरचं ग्लुटेन निघत नाही.

औषधं आणि तपासण्या

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांची काळजी नको. गोळ्यांत आणि कॅप्सूलमध्ये स्टार्च असतो, तो बहुधा मक्याचा, पण फार्मसीत विचारून घ्या. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं असेल तर उपास सोडताना पहिल्यांदा काय देणार ते आदल्या दिवशीच ठरवा, कारण तेव्हा हातात येतं ते चहा-टोस्ट. "सॉफ्ट डाएट" किंवा "लिक्विड डाएट" लिहिलं असेल तर डब्यातलंही त्याच चौकटीत द्या.

चुकून काही पोटात गेलंच तर घाबरू नका, मुलाला रागावू नका आणि लपवूही नका. काय खाल्लं आणि किती वाजता, ते सिस्टरना सांगून लिहून घ्या. नंतर उलटी किंवा जुलाब झाले तर ते कशामुळे, हे डॉक्टरांना ठरवायला त्याचा उपयोग होतो.

ज्यांच्या मुलाचं निदान अजून व्हायचं आहे, त्यांच्यासाठी उलटा नियम आहे: रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी होईपर्यंत गहू बंद करू नका. बंद केला तर तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.

खाटेवर लावायचा कागद

खालचा मजकूर मोठ्या अक्षरात लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवा:

"मला सिलिॲक आजार आहे. मला गहू, रवा, मैदा, जव, ब्रेड, बिस्किट, हिंग, माल्टचं पेय चालत नाही. एक घासही नाही. मला काही देण्याआधी माझ्या आईला किंवा बाबांना विचारा."

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात हिंदी बोलणारेही असतात, म्हणून हाच कागद आम्ही मराठी आणि हिंदी दोन्हींत छापून ठेवला आहे. पिठाबरोबर मागून घ्या, त्याचे पैसे नाहीत. आणि मूल ॲडमिट आहे असं सांगितलंत तर तुमचं दळण आम्ही रांगेत सगळ्यात आधी घेतो.