पाठ टेकली तरी डाव चालू

सिझर स्वीप म्हणजे खालच्याने वरच्याला उलथवून वर येण्याचा, ब्राझिलियन जिउ-जित्सूतला (जमिनीवर झुंजून प्रतिस्पर्ध्याला शरण आणण्याच्या खेळातला) अगदी सुरुवातीचा डाव. बडोद्याच्या आखाड्यात वाढलेल्या मुलाला मात्र तो जड जातो. ताकद कमी पडत नाही. पाठीवर पडून खेळायचं, हेच अंगाला पटत नाही.

याची मुळं जुनी आहेत. खंडेराव गायकवाडांनी (१८५६–१८७०) पैलवान पोसले. पुढे जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी शहराला तालमीचं वेड लावलं. दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोशही संपादक द. चिं. मुजुमदारांनी इथूनच काढला. या परंपरेतल्या कुस्तीचा निकाल एकच, चीतपट. म्हणून खाली गेलेला गडी पोटावर वळतो आणि मातीला चिकटून राहतो.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. ज्युदोत स्वच्छ फेकीवर सामना संपतो, पण फेक अर्धवट राहिली तर झुंज जमिनीवर चालू राहते आणि गळा आवळून किंवा सांधा पिळून शरण आणता येतं. कानोंच्या तालमीतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. तिथल्या बेलें शहरात कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले. धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ. खालून लढण्याचं सगळं श्रेय घराण्याच्या कथेत त्यालाच जातं. हे जरा अतीच झालं, कारण जमिनीवरचे डाव ज्युदोत आधीपासून होते. पण त्यातून ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवताना ग्रेसींनी भर दिला तो शरणागतीवर, आणि तिथे पाठ टेकण्याचं भय उरलं नाही.

आता डाव. समोरचा तुमच्या दोन पायांमध्ये गुडघ्यांवर. एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्यात बाही. कंबर बाजूला काढून एक नडगी त्याच्या पोटावर आडवी घालायची, दुसरा पाय जमिनीलगत त्याच्या गुडघ्याशी. आधी त्याला पुढे ओढायचं. भार अंगावर आला की मगच पाय कात्रीसारखे फिरवायचे. बाही सुटली तर तो हात टेकून वाचतो. वर येऊन तीन सेकंद टिकलात की २ गुण, छातीवर बैठक जमली तर आणखी ४.

आखाड्यातला मुलगा ऐन वेळी पोटावर वळतो. कुस्तीत ही शहाणी सवय. इथे पाठ उघडी पडते, प्रतिस्पर्धी मागून दोन्ही पाय अडकवतो आणि ४ गुण नेतो. अशाला आधी पाठीवर पडून नुसती कंबर सरकवायला लावावं, स्वीप नंतर.