इच्छारेषा आणि मळवाट: विद्यापीठांच्या हिरवळीवरचा एक जुना गोंधळ

विद्यापीठाच्या हिरवळीवर तिरप्या वाटांचे जाळे पसरलेले दाखवणारे एखादे हवाई छायाचित्र दर काही महिन्यांनी पुन्हा फिरू लागते आणि त्यासोबतचा मजकूरही ठरलेला असतो. शहाण्या वास्तुविशारदाने आधी इमारती बांधल्या, मधल्या मोकळ्या जागेत सरसकट गवत लावले, वर्षभर धीर धरला आणि विद्यार्थ्यांच्या पावलांनी जेथे गवत झिजले तेथेच फरसबंदी केली, अशी ती गोष्ट असते. ऐकायला ती फार गोड आहे आणि तिच्यातला लोकांवरचा विश्वास मलाही प्रिय आहे. परंतु ती दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकच समजते, आणि हा गोंधळ गप्पांपुरता न राहता प्रत्यक्ष आराखड्यांत उतरतो, म्हणून तो सोडवून सांगणे मला आवश्यक वाटते.

यातली पहिली गोष्ट म्हणजे इच्छारेषा. वाहतूक नियोजनात ‘डिझायर लाइन’ म्हणतात ती हीच. माणूस कोठून निघाला आणि त्याला कोठे पोहोचायचे आहे, हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की इच्छारेषा मिळते. मध्ये नदी आहे, भिंत आहे की तळे आहे याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. १९५० च्या दशकात शिकागो महानगराच्या वाहतुकीचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा लोकांना विचारून गोळा केलेल्या हजारो प्रवासांच्या अशा सरळ रेषा ‘कार्टोग्राफाट्रॉन’ नावाच्या यंत्राच्या पडद्यावर उमटवून त्यांची छायाचित्रे घेण्यात आली होती. त्या चित्रात रस्ते नव्हतेच. कोणत्या दिशेला किती ओढ आहे, एवढेच त्यात दिसत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पावलांनी जमिनीवर प्रत्यक्ष उमटलेली वाट, म्हणजे इंग्रजीतील ‘डिझायर पाथ’. तिला आपल्याकडे मळवाट किंवा मळलेली वाट असा जुना आणि अगदी नेमका शब्द आहे. पायवाट हा शब्द मी येथे मुद्दाम टाळतो, कारण बांधून काढलेल्या अरुंद वाटेलाही आपण पायवाट म्हणतो आणि मग गोंधळात आणखी भर पडते. मळवाट कशी पडते हे सर्वांच्या पाहण्यातले आहे: पाय पडून गवत चेपते, माती दबते, तिच्यातली पोकळी नाहीशी होते, पाणी मुरेनासे होते आणि मग तेथे गवत पुन्हा धरत नाही. एक कागदावर असते आणि दुसरी जमिनीवर, एक सरळ असते आणि दुसरी बहुधा वळणदार, हे फरक दिसतात तेवढेच आहेत. त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरा फरक असा की, इच्छारेषा ही मागणी आहे आणि मळवाट ही तडजोड आहे. मळवाट पाहून ‘लोकांना येथून जायचे आहे’ असे आपण म्हणतो, तेथेच चूक होते. लोकांना तेथून जायचे नसते. त्यांना दुसऱ्या टोकाला पोहोचायचे असते, आणि आज जे अडथळे आहेत, आज जी दारे उघडी आहेत आणि आपल्याआधी जे चालून गेले आहेत, त्या सगळ्यांशी जुळवून घेत त्यांनी काढलेला तो मार्ग असतो.

जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाच्या फायहिंगेन येथील आवारात सरळ बांधीव रस्त्यांच्या मधल्या गवतावर मळवाटांचे एक छोटे जाळे तयार झाले होते. डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात माणसांच्या वाटा कशा घडतात याचे एक गणिती प्रारूप मांडले, त्यात या जाळ्याचे छायाचित्र होते. प्रारूपाचा गाभा साधा आहे. चालणारा दोन ओढींमध्ये असतो: एक थेट मुक्कामाकडे नेणारी, आणि दुसरी आधीच रुळलेल्या, पायांना सोप्या जमिनीकडे खेचणारी. चालणाऱ्यांमुळे वाट ठळक होते, ठळक वाट आणखी चालणाऱ्यांना ओढून घेते, आणि जिच्यावरून कोणी जात नाही ती गवताखाली पुन्हा बुजते. याचा परिणाम असा की, चार टोकांपासून निघालेल्या सर्व सरळ रेषा जमिनीवर उमटत नाहीत. जवळून जाणाऱ्या रेषा एकमेकींत मिसळतात, मध्येच एक सामाईक वाट तयार होते, आणि प्रत्येक जण थोडा थोडा वळसा स्वीकारतो. शेवटी जी वाट उरते ती बहुतेकांच्या इच्छारेषेपासून ढळलेली असते, कित्येकदा तर ती कोणाचीच इच्छारेषा नसते, आणि तरीही सर्वांना ती चालण्याजोगी वाटते.

हे लक्षात न घेता मळवाट जशीच्या तशी बांधून काढली की काय होते, ते मी माझ्या विद्यार्थिदशेत पाहिले आहे. आमच्या आवारात वसतिगृहापासून ग्रंथालयाकडे जाणारी एक मळवाट मधोमध एका बाजूला चांगलीच वाकलेली होती. व्यवस्थापनाने मोठ्या आपुलकीने, विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी म्हणून, त्या वाकणासकट तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. ते वाकण मात्र कोणाच्या आवडीचे नव्हते. शेजारच्या इमारतीचे काम चालू असताना तेथे खडी आणि वाळूचे ढीग पडलेले होते आणि सगळे त्यांना वळसा घालून जात होते. काम संपले, ढीग उचलले गेले आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या बांधीव वाकणाला छेद देणारी एक नवी, सरळ मळवाट पडली. मग तिच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार लावण्यात आली. सोयीसाठी केलेल्या कामाचा शेवट तारेने व्हावा याचे मला तेव्हा वाईट वाटले होते आणि आजही वाटते. मळवाट पाहिल्यावर ती कोठून निघते आणि कोठे पोहोचते एवढे दोनच प्रश्न कोणी विचारले असते, तर ते वाकण बांधले गेलेच नसते.

मळवाट आणखी एका अर्थाने अपुरी साक्षीदार आहे. ती केवळ मऊ जमिनीवर उमटते. सिमेंटच्या वाहनतळावरून रोज पाचशे विद्यार्थी तिरपे चालत गेले तरी तेथे काही दिसत नाही. कुंपणापलीकडच्या बसथांब्याकडे कितीही ओढ असली तरी भिंतीवर मळवाट पडत नाही. शिवाय ती ऋतूप्रमाणे बदलते. दख्खनच्या काळ्या मातीवर मे महिन्यात जी वाट कडक आणि सोयीची असते तिचा जुलैत चिखल होतो, लोक चिखलाच्या कडेकडेने चालू लागतात आणि हातभर रुंदीची वाट चांगली दोन-तीन मीटर पसरते. ती रुंदी गर्दीची नसून पाण्याची असते. अशा ठिकाणी रुंद पदपथ बांधण्याआधी पाण्याचा निचरा करावा, हा माझा ठाम आग्रह आहे.

आणि जे चालतच नाहीत त्यांचे काय? मळवाट ही धडधाकट माणसांनी, बहुतांशी दिवसाउजेडी आणि कोरड्या हवेत दिलेली मते असतात. चाकाच्या खुर्चीवरून येणारा विद्यार्थी ओबडधोबड उतारावर उतरतच नाही, म्हणून त्याच्या इच्छारेषेची खूण जमिनीवर कधीच नसते. अंधार पडल्यावर झाडीतली जवळची वाट टाळून दिव्याखालच्या लांबच्या रस्त्याने जाणाऱ्या मुलीची मागणीही त्या झिजलेल्या गवतात दिसत नाही. उताराचा प्रश्न तर साध्या हिशेबाचा आहे. आपल्याकडे चाकाच्या खुर्चीच्या उतारासाठी (रॅम्पसाठी) एकास बारा हे प्रमाण मानले जाते, म्हणजे एक मीटर उंची उतरण्यासाठी बारा मीटर लांबी लागते. मळवाट मात्र ती उंची चार मीटरांत खुशाल उतरते. तिच्यावर फरशी बसवली की ती पदपथ होत नाही. ती चालू शकणाऱ्यांसाठी थोडी गुळगुळीत आणि पावसाळ्यात अधिक धोक्याची घसरण होते.

आता त्या लोकप्रिय गोष्टीकडे वळू. ती बहुधा कोलंबिया विद्यापीठाच्या आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या नावावर सांगितली जाते: विद्यापीठाचे अध्यक्ष असताना त्यांनी म्हणे नव्या आवारात वाटा आखू दिल्या नाहीत आणि विद्यार्थी कोठून चालतात ते पाहायला सांगितले. आयझेनहॉवर १९४८ ते १९५३ या काळात कोलंबियाचे अध्यक्ष होते हे खरे आहे. पण न्यूयॉर्कच्या मॉर्निंगसाइड हाइट्सवरील त्या आवाराची मूळ रचना वास्तुविशारद चार्ल्स मॅकिम यांनी १८९० च्या दशकात केली आणि विद्यापीठ १८९७ मध्ये तेथे आले. मधला सारा भाग रुंद पायऱ्यांचा, फरसबंद चौकांचा आणि काटेकोर अक्षांचा आहे. आयझेनहॉवर आले तेव्हा त्या आवाराला पन्नास वर्षे झाली होती, तेव्हा त्याच्या मध्यभागी कोऱ्या गवतावर पावलांचे ठसे उमटण्याची वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

सोबतचे छायाचित्र बऱ्याचदा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ‘ओव्हल’ नावाच्या लंबगोल हिरवळीचे असते. तेथे तिरप्या वाटांचे दाट जाळे आहे आणि ते खरोखरच देखणे आहे. पण त्याच हिरवळीच्या मधोमध पश्चिमेकडच्या ग्रंथालयाकडे नेणारा ‘लाँग वॉक’ हा सरळ, रुंद आणि औपचारिक मार्गही आहे, आणि तो कोणाच्या झिजवण्याने पडलेला नाही. ग्रंथालयाची भव्यता समोरून दिसावी म्हणून आखलेला तो अक्ष आहे. तिरप्या वाटा त्याला छेदून एका इमारतीच्या दारापासून दुसऱ्या इमारतीच्या दारापर्यंत जातात. म्हणजे त्या चित्रात आखणी आणि ओढ दोन्ही शेजारी शेजारी आहेत. सगळे जाळे पावलांनीच विणले असे म्हणणे म्हणजे चित्रातली सर्वांत ठळक रेषा न पाहणे होय.

इच्छारेषा आणि मळवाट यांतला फरक ओळखून केलेले काम पाहायचे असेल, तर मी शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे बोट दाखवीन. तिचेही लघुरूप आयआयटी असेच होते, म्हणून वाचकांनी पवईची कल्पना करू नये. वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह १९३८ मध्ये शिकागोला आले आणि त्यांनी हे आवार चोवीस फुटांच्या काटकोनी जाळीवर आखले. त्या जाळीची शिस्त मला आवडते, पण चालणाऱ्याला काटकोन महाग पडतो: दोन बाजू समान असतील तर कोपऱ्यावरून वळून जाण्याऐवजी तिरपे गेल्यास सुमारे २९ टक्के अंतर वाचते, आणि तासिका संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या मिनिटांत एवढी बचत कोणीही सोडत नाही. त्यात या आवाराच्या मधून उन्नत रेल्वेमार्ग जातो. वर्गांच्या इमारती त्याच्या पश्चिमेला आणि वसतिगृहे पूर्वेला आहेत. रुळांखालच्या मोकळ्या, काहीशा ओसाड जागेवरून विद्यार्थी रोज तिरपे ये-जा करीत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस याच जागेवर विद्यार्थी केंद्र बांधण्यासाठी स्पर्धा झाली आणि ती वास्तुविशारद रेम कूलहास यांच्या ‘ओएमए’ या वास्तुरचना संस्थेने जिंकली. त्यांनी विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याच्या दिशा नोंदल्या. त्यांवर फरसबंदी मात्र केली नाही. त्या रेषा त्यांनी थेट इमारतीच्या आत घेतल्या. २००३ मध्ये खुल्या झालेल्या मॅकॉर्मिक ट्रिब्यून कॅम्पस सेंटरमध्ये तिरपे अंतर्गत मार्ग हेच रचनेचा कणा आहेत आणि त्यांच्यामध्ये उरलेल्या त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांत खाणावळ, दुकान, बैठकीच्या जागा वसवल्या आहेत. वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज अडावा म्हणून रुळांभोवती सुमारे १६० मीटर लांबीची, पोलादी पत्र्याने मढवलेली नळी घातली आहे. पाहण्यासारखी गोष्ट अशी की, येथे जमिनीवरच्या मळवाटा पूर्ण नाहीशा झाल्या, त्यांच्या जागी छप्पर आले, आणि तरीही त्यांच्यामागच्या इच्छारेषा शाबूत राहिल्या.

म्हणून आवाराचा आराखडा करणाऱ्यांनी मळवाटा जरूर मोजाव्यात, पण पुरावा म्हणून, नकाशा म्हणून नव्हे. प्रत्येक मळवाटेची दोन्ही टोके शोधावीत, ती दारांशी, फाटकांशी, थांब्यांशी आणि खाणावळींशी जोडून पाहावीत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दोनदा पाहावीत, आणि मळवाट जेथे उमटूच शकत नाही त्या फरशीवर उभे राहून माणसे मोजावीत. एखादे फाटक पुढच्या वर्षी हलणार असेल, तर आजची सर्वांत ठळक मळवाटही बांधण्याच्या लायकीची नसते.

मळवाट बंद करण्याचे माझ्या मते एकच सबळ कारण आहे, ते म्हणजे मोठे झाड. वड, चिंच, पर्जन्यवृक्ष यांची पाणी शोषणारी बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरभरात असतात आणि दबलेल्या मातीत ती गुदमरतात. तिच्यावर वाळूचा थर ठोकून पेव्हर ब्लॉक बसवले की उरलीसुरली हवाही बंद होते. अशा वेळी वाट मुळांच्या पसाऱ्याबाहेरून हलक्या वळणाने न्यावी आणि ती आधीच्या मळवाटेइतकीच कोरडी व सपाट ठेवावी. स्टुटगार्टच्या चालणाऱ्यांप्रमाणे आपलेही विद्यार्थी थोडा वळसा मनापासून पत्करतात, मात्र तो वळसा दारातून निघतानाच डोळ्यांना दिसला पाहिजे आणि त्याचे दुसरे टोक मुक्कामाच्या दिशेनेच वळलेले असले पाहिजे. वाट अडवणारी तार आणि मेंदीचे कुंपण यांवर होणारा खर्च त्या वळणाच्या पहिल्या दहा मीटरांवर करावा, आणि तिरप्या वाटा जेथे एकमेकींना मिळतात तेथील टोकदार कोपरे बांधतानाच गोल करून घ्यावेत, कारण नवी मळवाट पडायला सुरुवात होते ती नेहमी त्या कोपऱ्यावरच्या वीतभर गवतापासून.