स्टुडंट फिल्म: प्रोजेक्टचं प्लॅनिंग आणि जॉनरची निवड

स्टुडंट फिल्म म्हणजे फिल्म मेकिंग शिकत असताना केलेली फिल्म, मग ती कोर्सच्या मार्कांसाठी असो नाहीतर चारपाच मित्रांनी मिळून एखाद्या फेस्टिवलसाठी केलेली असो. बहुतेक वेळा ती शॉर्ट फिल्मच असते. ऑस्कर देणारी अकॅडमी क्रेडिट्स धरून ४० मिनिटांपर्यंतच्या फिल्मला शॉर्ट मानते, कान फेस्टिवलमध्ये तर १९९८ पासून फिल्म स्कूलमधल्या कामासाठी वेगळा विभागच आहे, पण पहिल्यावहिल्या प्रोजेक्टला ५ ते १० मिनिटं भरपूर झाली. त्यातच एक गोष्ट नीट सांगून होते आणि टीमचा दमही टिकतो.

अशा प्रोजेक्टमध्ये सहसा आधी जॉनर, म्हणजे फिल्मचा प्रकार, ठरतो, तोही आवडीवरून, म्हणजे आपल्याला हॉरर आवडतं ना मग हॉरर करू, आणि प्लॅनिंग नंतर कधीतरी सुरू होतं. खरं तर या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. जॉनर ठरला की शूट दिवसा होणार की रात्री, लाइट किती लागणार, साउंडवर किती काम पडणार, अ‍ॅक्टर कसे हवेत, एडिटला किती आठवडे लागतील हे सगळं जवळजवळ ठरूनच जातं. म्हणून जॉनर निवडताना आपल्या हातात काय आहे ते आधी कागदावर लिहून काढावं: कुठली जागा नक्की मिळणार, कोण अ‍ॅक्टिंग करणार, माइक आहे का, किती दिवस आहेत.

जॉनर म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय, त्यातलं रिक ऑल्टमन यांचं १९८४ चं मांडणं विद्यार्थ्यांच्या फार कामाचं आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार जॉनरला दोन अंगं असतात, एक वरून दिसणाऱ्या खुणा म्हणजे जागा, कपडे, वस्तू, ठराविक पात्रं, आणि दुसरं म्हणजे या सगळ्याला बांधून ठेवणारी आतली रचना, कोणाचा कोणाशी झगडा आहे आणि तो कुठल्या वाटेने सुटतो. स्टुडंट फिल्म बरेचदा पहिल्यावरच थांबते. लांब कोट, सिगरेटचा धूर, खिडकीच्या पट्ट्यांची सावली, सगळं जमतं, पण त्या माणसाला नेमकं काय हवंय आणि त्याने काय गमावलं ते कुठेच नसतं. वरच्या खुणांना खर्च लागतो, रचनेला फक्त विचार लागतो, त्यामुळे कमी बजेटवाल्याने रचनेवर जास्त वेळ घालवावा हे सरळ आहे.

एकच बीज, वेगवेगळे जॉनर

समजा बीज एवढंच आहे: एक मुलगी रात्री खोलीत एकटी आहे, दारावर टकटक होते, ती दार उघडते तर बाहेर कोणीच नाही.

हे हॉरर म्हणून केलं तर सगळा खेळ दारापलीकडच्या आवाजाचा. कॅमेरा बंद दारावर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबवायचा, खोलीत एकच लाइट, आणि टकटक किती वेळा, किती अंतराने, कुठल्या उंचीवरून येते हे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवायचं, कारण गुडघ्याच्या उंचीवरून आलेली टकटक अगदी वेगळी भीती घालते. इथे मेकअपवाला राक्षस लागत नाही. १९४० च्या दशकात वाल ल्यूटन या निर्मात्याने आरकेओ स्टुडिओसाठी कमी पैशात भयपट केले, त्यात भीती बहुतेक न दाखवलेल्या गोष्टींची असायची. १९४२ च्या एका फिल्ममध्ये रात्रीच्या रस्त्यावर एक बाई घाईने चाललीये, पाठलाग होतोय असं वाटतंय, मग पावलांचा आवाज थांबतो आणि अचानक एक बस फुस्स करत फ्रेममध्ये येते, बास, एवढंच, तरी लोक दचकायचे आणि आजही त्या युक्तीला ल्यूटनची बस म्हणतात. सावली, शांतता आणि एक आवाज.

तेच बीज कॉमेडी म्हणून घेतलं तर पुन्हा पुन्हा टकटक करून पळणारा माणूस आणि मुलगी दोघं एकाच वाइड फ्रेममध्ये दिसायला हवेत, म्हणजे तिला माहीत नसलेलं आपल्याला माहीत असतं. मग टायमिंग आलं, टेक वाढले, रिहर्सल वाढली. कॉमेडी सोपी समजून निवडतात पण ती एडिटमध्ये वाचवणं सर्वात अवघड, अर्ध्या सेकंदाने कट उशिरा आला तरी हसू जातं. ड्रामा म्हणून केलं तर दारापेक्षा मुलीचा चेहरा महत्त्वाचा, ती कोणाची वाट बघत होती हा प्रश्न महत्त्वाचा, आणि मग सगळा भार एका अ‍ॅक्टरवर. चांगला अ‍ॅक्टर हाताशी नसेल तर ड्रामा घेऊ नये, ही गोष्ट मी प्रत्येक नवीन टीमला आवर्जून सांगेन. मॉक्युमेंटरीत, म्हणजे डॉक्युमेंटरीचा आव आणून केलेल्या काल्पनिक फिल्ममध्ये, हलता कॅमेरा आणि साधा लाइट खपून जातो, म्हणून ती नवख्यांना मानवते, फक्त बोलणं खरं वाटलं पाहिजे.

डॉक्युमेंटरीला सेट नको, अ‍ॅक्टर नको, पण माणसांचा विश्वास आणि लेखी परवानगी हवी, शिवाय फुटेज भरमसाठ जमतं आणि गोष्ट खरी सापडते एडिट टेबलवर. अ‍ॅनिमेशनचं गणित आधीच करून बघावं: सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक पोझ दोन फ्रेम धरली तरी सेकंदाला १२ पोझ, म्हणजे बाहुली जराजरा हलवून एकेक फोटो काढत केलेल्या २ मिनिटांच्या स्टॉप मोशनला १४४० वेळा बाहुली हलवायची.

बंधनं आधी लिहून ठेवणं

१९९५ मध्ये लार्स वॉन ट्रियर आणि थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकांनी डॉग्मा ९५ नावाचा जाहीरनामा काढला. शूटिंग खऱ्या लोकेशनवरच, प्रॉप बाहेरून आणायचे नाहीत, कॅमेरा हातातच, आवाज चित्रासोबतच रेकॉर्ड झालेला, आणि एक नियम तर असा की जॉनर फिल्म चालणारच नाही. तो नियम पाळायची काही गरज नाही, पण पद्धत उचलण्यासारखी आहे: आपल्याकडे जे नाही त्याचा नियम करून टाकायचा. रात्रीचं शूट नाही, दोनपेक्षा जास्त लोकेशन नाहीत, तीनपेक्षा जास्त पात्रं नाहीत, असं लिहून भिंतीला लावलं की स्क्रिप्ट आपोआप त्या मापात येते.

प्लॅनिंग प्रत्यक्षात

आधी एका वाक्यात गोष्ट, कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय, ते वाक्य जमत नसेल तर स्क्रिप्टला हात लावू नये. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा हिशोब सगळीकडे धरतात, पण ज्या सीनमध्ये संवाद नाहीत तिथे तो कोलमडतो, ‘ती अख्खं घर शोधते’ ही एक ओळ दोन मिनिटं खाऊ शकते. नंतर ब्रेकडाउन, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये कोण, कुठे, कुठल्या वेळी, कुठल्या वस्तू, आणि त्यावरून शेड्युल. शूट गोष्टीच्या क्रमाने करायचं नसतं, एका लोकेशनचे सगळे सीन एकदम उरकायचे, म्हणून कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का ते, बघणारा माणूस वेगळा पाहिजेच, बाही कुठपर्यंत वर होती, ग्लास किती भरलेला होता याचे फोटो काढत राहणारा. नवीन टीमने दिवसाला तीनचार पानांपेक्षा जास्त धरू नये आणि शेवटी एक दिवस मोकळा ठेवावा.

कामं वाटताना एकच जण डायरेक्टर, कॅमेरामन आणि हिरो असं करू नये. साउंडचा माणूस तर पहिल्या दिवशीच नेमावा. धूसर चित्र लोक सहन करतात, न कळणारा संवाद नाही. माइक तोंडाजवळ, पंखा आणि फ्रिज बंद, आणि प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा, एडिटमध्ये कटाच्या फटी भरायला तोच उपयोगी पडतो. लाइटचंही एक बघून ठेवावं, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर ट्यूबलाइटची फडफड सहसा येत नाही.

शूटच्या आधी अख्खी फिल्म एकदा फोनवर, मित्रांना उभं करून, शूट करून जोडून बघणं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त टाळला जाणारा भाग. रशियन क्रांतीनंतरच्या मॉस्कोमध्ये कच्च्या फिल्मची टंचाई होती तेव्हा लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाच्या वर्कशॉपमधले विद्यार्थी फिल्मशिवायच फिल्म्स बसवायचे, सीनमागून सीन, शॉटमागून शॉट, रिकाम्या हाताने. जॉनर चुकलाय का हे या कच्च्या कटमध्ये लगेच कळतं: हॉरर बघताना लोक कुजबुजायला लागले, कॉमेडी बघताना गप्प राहिले, तर अजून बदलता येतं, पैसे गेलेले नसतात.

शूटनंतर रोजच्या रोज मेमरी कार्डच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी. एडिटमध्ये चित्र लॉक होईपर्यंत, म्हणजे सगळे कट पक्के होईपर्यंत, साउंड मिक्स आणि कलरला हात लावायचा नाही, नाहीतर प्रत्येक बदलाला सगळं पुन्हा. म्युझिक मात्र लॉकच्या कितीतरी आधी ठरलेलं असावं, कारण आवडतं गाणं टाकून एडिट केलं आणि त्याचे हक्कच मिळाले नाहीत की फेस्टिवलला फिल्म पाठवता येत नाही आणि त्या गाण्याच्या ठेक्यावर बसवलेले सगळे कट नव्याने करावे लागतात.