उधळलेल्या इलेक्ट्रॉनांना वळण

इलेक्ट्रॉन पळवणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. पळाल्यावर तो सरळ कसा जाईल, ही खरी डोकेदुखी आहे.

पळवायचं काम लेसर करतो. समजा, २० टेरावॉटचा (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) लेसर आहे आणि त्याचा एक स्पंद, म्हणजे पल्स, ३० फेम्टोसेकंद टिकतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ९ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) पुढे जातो, म्हणजे हा स्पंद केसाच्या जाडीहूनही पातळ अशी उजेडाची चकतीच. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची मिळून क्षमता अर्ध्या टेरावॉटच्या आसपास आहे, तेव्हा २० टेरावॉट ऐकून छाती दडपते. पण या चकतीतली ऊर्जा असते ०.६ ज्यूल, हातातलं लिंबू जमिनीवर पडताना असते तेवढी. सगळी करामत ती किती कमी वेळात आणि किती कमी जागेत कोंबली, याची आहे.

ही चकती काही मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटली की दर चौरस सेंटिमीटरला १ वर १८ शून्यं, याहूनही जास्त वॉट पडतात. भर दुपारचं ऊन त्याच जागेवर ०.१ वॉट देतं. समोरच्या धातूचा किंवा काचेचा तत्क्षणी प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, होतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने आत घुसतात. त्यांचा एकत्रित प्रवाह दहा लाख अँपिअरच्या घरात जातो. घरातला गीझर १० अँपिअर घेतो. म्हणजे हे झाले एक लाख गीझर, तेही केसाएवढ्या वाटेवरून.

इथेच घोळ होतो. एवढा प्रवाह एकट्याने पुढे जाऊच शकत नाही, कारण त्याचंच चुंबकीय क्षेत्र आणि मागे उरलेला धनभार त्याला अडवतो. म्हणून पदार्थातले संथ इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने धावून हिशेब जुळवतात. आता एकाच जागेत जाणारे आणि येणारे. संध्याकाळी सहाला दादरचा पूल आठवा: कुणी न सांगताही जाणाऱ्यांच्या आणि येणाऱ्यांच्या रांगा पडतात. एका दिशेचे प्रवाह एकमेकांना ओढतात, उलट दिशेचे ढकलतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्याही अशाच रांगा पडतात. फरक इतकाच की या रांगा टिकत नाहीत. त्या वळवळतात, तुटतात आणि सगळा झोत विस्कटतो.

मग आधीच रांगा आखून ठेवल्या तर? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जी. रवींद्र कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. त्यांनी लक्ष्य म्हणून कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, रान वापरलं. ज्वारीच्या ताटांसारख्या एकमेकींना समांतर उभ्या नळ्या, मध्ये मोकळी जागा. अशा रचनेत वेगवान इलेक्ट्रॉनांना मधल्या फटी मिळतात, परतणाऱ्यांना नळ्यांच्या भिंती. आणि भोवतीची विद्युत व चुंबकीय क्षेत्रं झोताला बांधून ठेवतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार हा प्रवाह सुमारे १ मिलिमीटर अंतर न विस्कटता पार करून गेला. मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण मायक्रॉनच्या हिशेबात तो लांबचा पल्ला आहे.

पुरावा मिळाला तो लक्ष्याच्या पाठीमागे. तिथे दुसरा, क्षीण स्पंद पाठवायचा आणि परतताना त्याचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, किती फिरलं ते पाहायचं. त्यावरून चुंबकीय क्षेत्र कळतं. या स्पंदाची वाट ०.३ मिलिमीटरने लांबवली की तो एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, उशिरा पोचतो. असं करत करत क्षेत्राचा चढउतार टिपता येतो. पाठीमागे क्षेत्र सापडलं १२ कोटी गॉसपर्यंत, म्हणजे १२,००० टेस्ला (गॉस आणि टेस्ला ही चुंबकीय क्षेत्राची एककं). एमआरआयचं यंत्र दीड किंवा तीन टेस्लावर चालतं. झोत नीट एकवटलेला असल्याशिवाय इतकं क्षेत्र तयारच होत नाही, असं संगणकीय सिम्युलेशनने दाखवलं.

नळ्यांच्या रानासारख्या खडबडीत पृष्ठभागाचा आणखी एक फायदा असतो. गुळगुळीत लक्ष्य बराच प्रकाश परतवतं, खडबडीत तो पिऊन टाकतं. टीआयएफआरमध्येच काचेवर चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊन प्रयोग झाला आणि साध्या काचेच्या शंभरपटीहून अधिक क्ष-किरण मिळाले. मला स्वतःला हा प्रयोग नॅनोट्यूबपेक्षाही जास्त आवडतो; महागड्या कोरीवकामाऐवजी निसर्गाचा फुकटचा माल!

असे झोत कशासाठी हवेत? क्ष-किरणांचे लखलखीत स्रोत हे एक उत्तर. दुसरं, १९९४ पासून चर्चेत असलेलं: दाबून ठेवलेल्या संमीलन इंधनाला (ज्यातली अणुकेंद्रं जोडली गेली की ऊर्जा मिळते) इलेक्ट्रॉनांच्या झोताने काडी लावणं. झोत तिथवर फाकत गेला तर काडी विझलीच म्हणायची.

अडचणी आहेतच. मुख्य स्पंदाच्या आधी थोडा उजेड गळतो. तो एक अब्जांश असला तरी उन्हाच्या अब्जावधी पट प्रखर ठरतो, आणि नाजूक नळ्या खऱ्या पाहुण्याआधीच वितळू शकतात. स्पंद येऊन गेल्यावर तर तिथे खड्डाच उरतो. मग लक्ष्य जरासं सरकवायचं, रानाचा कोरा तुकडा समोर आणायचा आणि पुन्हा लेसर सोडायचा.