शाकीय वाढीसाठी एलईडी दिवे

शाकीय वाढीसाठी एलईडी दिवे : बी रुजल्यानंतर फुलोऱ्यापर्यंत वनस्पती मुख्यतः मुळे, खोड व पाने वाढविते. या अवस्थेत सूर्यप्रकाशाऐवजी किंवा त्याच्या जोडीला वापरावयाचे प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे दिवे.

विजेच्या प्रकाशाचा वनस्पतींवर पहिला प्रयोग कोणी केला याविषयी एकमत नाही. फ्रान्समध्ये एर्वे मांगाँ यांनी १८६१ च्या सुमारास प्रज्योत (आर्क) दिव्याच्या उजेडात रोपे हिरवी होतात हे दाखविले; तथापि पीकवाढीच्या दृष्टीने पद्धतशीर प्रयोगांचा मान इंग्लंडमधील विल्यम सीमेन्स यांना (१८८०) देणे अधिक योग्य वाटते. एलईडीचा या कामी वापर साधारणतः १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अंतराळात भाजी पिकविण्याच्या अमेरिकी संशोधनातून सुरू झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठात तांबड्या एलईडीखाली सॅलडची पाने (लेट्यूस) वाढविताना निळ्या प्रकाशासाठी नळीदिव्यांची जोड द्यावी लागे, कारण तेजस्वी निळा एलईडी १९९३ च्या सुमारास शूजी नाकामुरा यांच्या कामानंतरच उपलब्ध झाला.

दिव्याचा वर्णपट कसा असावा हा खरा वादाचा मुद्दा आहे. हरितद्रव्याचा अर्क निळा व तांबडा प्रकाश शोषतो आणि हिरवा बव्हंशी सोडून देतो. त्यावरून फक्त निळे-तांबडे डायोड असलेले जांभळे दिवे बाजारात आले. मात्र अर्क म्हणजे पान नव्हे. कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या अखंड पानांवर मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत हिरव्या प्रकाशाचा उपयोग अपेक्षेपेक्षा बराच मोठा आढळला. मॅक्री यांची मोजमापे सुट्या पानांवरची व मंद प्रकाशातली होती, हा आक्षेप रास्त आहे. तरी पुढे इचिरो तेराशिमा व सहकाऱ्यांनी (२००९) दाखविले, की प्रखर पांढऱ्या प्रकाशात पानाचा वरचा थर संपृक्त झालेला असतो, म्हणजे आणखी प्रकाश वापरू शकत नाही, आणि खोलवर पोहोचणारा हिरवा प्रकाश तेथे जादा तांबड्यापेक्षा अधिक कामी येतो. निळा अजिबात नसेल तर मात्र पान बिघडते : नेदरलँड्समधील काकडीवरच्या प्रयोगांत (२०१०) केवळ ७ टक्के निळ्या प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणातील हा दोष टळला. शाकीय अवस्थेत निळा थोडा अधिक ठेवल्यास पेरी आखूड व रोप गुटगुटीत राहते. ७०० ते ७५० नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाशही इतर प्रकाशाच्या सोबतीने प्रकाशसंश्लेषणात भाग घेतो, असे अमेरिकी वनस्पतिसंशोधक ब्रूस बगबी यांच्या गटाचे निष्कर्ष आहेत. पण तो जास्त झाला की रोपे उंच व लवचीक होतात.

या सर्वांवरून घरगुती वापरासाठी पांढरा, शक्यतो ६६० नॅनोमीटरच्या तांबड्याची जोड असलेला दिवा पसंत करावा. शिवाय जांभळ्या उजेडात पाने काळपट दिसतात. पिवळी पडलेली शीर किंवा पानामागचा कोळी (बारीक कीड) वेळेत नजरेस येत नाही.

वॅट ही विजेच्या खर्चाची व ल्यूमेन ही माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाची मोजमापे आहेत. पाहायचे ते पानावर दर चौरस मीटरला दर सेकंदाला पडणारे ४०० ते ७०० नॅनोमीटरचे फोटॉन (प्रकाशकण), मायक्रोमोल या त्यांच्या संख्येच्या एककात. कोवळ्या रोपांना १०० ते २००, पालेभाज्यांना सुमारे २०० ते २५०, तर सावलीतल्या शोभेच्या झाडांना ५० ते १५० पुरतात. पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलवरच्या लक्समापीचा (उजेड मोजणाऱ्या ॲपचा) आकडा अंदाजे ७० ने भागावा. १४,००० लक्स म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोल. हे माप कुंडीच्या मधोमध तसेच कडेलाही घ्यावे, कारण छोट्या दिव्याचा उजेड कडेला झपाट्याने उतरतो. खोक्यावर छापलेल्या ‘हजार वॅट’पेक्षा प्रत्यक्ष वीजवापर आणि दर ज्यूलमागे मिळणारे मायक्रोमोल पाहावेत; २.५ च्या पुढचा आकडा चांगला.

दिवे रोज १४ ते १६ तास लावण्याचा प्रघात आहे. २०० मायक्रोमोल १६ तास दिल्यास दिवसाची बेरीज सुमारे ११.५ मोल होते. शेवंतीसारख्या लहान दिवसाच्या (रात्र लांबली की फुलणाऱ्या) वनस्पतींत प्रश्न बेरजेचा नसून रात्रीच्या लांबीचा असतो. महाराष्ट्रातील हरितगृहांत लागवडीनंतर काही आठवडे शेवंतीवर रात्री दिवे लावतात ते कळी लांबवून शाकीय वाढ करून घेण्यासाठी. तेथे मंद उजेडही पुरतो.