मोबिलिटी स्कूटर घेण्याआधी वाटेवरचा चढ मोजा

चालणं अवघड झालेल्यांसाठीची बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर सपाट फरशीवर कुठलीही चालते. बाहेर मात्र तिचा कस चढावर लागतो. माहितीपत्रकात ठळक छापलेले असतात ते एका चार्जिंगमधले किलोमीटर. गाडी किती अंशांचा चढ चढते, ते कोपऱ्यात सापडतं. आधी तेच बघा.

रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उभा चढ स्वतः मोजता येतो. एक मीटरच्या सरळ पट्टीचं एक टोक चढाच्या वरच्या बाजूला टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी आडवी सरळ धरा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. 8 सेंमीच्या जवळपास आली तर चढ 1:12 (आडव्या 12 मीटरला 1 मीटर उंची), म्हणजे सुमारे 5 अंश. सोळा-सतरा सेंमी भरली तर साडेनऊ अंश, आणि सोसायट्यांच्या पार्किंगचे असे रॅम्प काही दुर्मीळ नाहीत.

माणूस आणि गाडी मिळून 150 किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी पुढे न्यायला साधारण 30 न्यूटन जोर पुरतो. 1:12 च्या चढावर त्यात 120 ची भर पडते, म्हणजे जोर पाचपट. मोटर त्या प्रमाणात करंट ओढते, तिला करंट पुरवणारा कंट्रोलर तापतो आणि चढ गाडीच्या कुवतीबाहेरचा असेल तर ती मध्येच थांबू शकते.

थांबली तरी ती घरंगळत नाही. करंट तुटला की स्प्रिंगच्या दाबाने ब्रेक आपोआप लागतो. गाडी ढकलण्यासाठी मागे एक छोटी तरफ असते. ती ओढली की हाच ब्रेक सुटतो. चढावर बसल्या बसल्या तिला हात लावू नये, आणि घरातल्या सगळ्यांना हे दाखवून ठेवावं.

तीनचाकी कमी जागेत वळते, लिफ्टमध्ये सोयीची. पण पुढे एकच चाक असल्याने उतारावर तिरकं वळताना कलंडण्याची भीती जास्त. खड्डे आणि पेव्हर ब्लॉक असतील तर चारचाकीच बरी. हवेचे टायर धक्के कमी करतात, पंक्चर मात्र होतात. स्पीडब्रेकरवर पोट घासतं का, ते वजनासकट बसूनच तपासा. रिकामी गाडी फसवते.

24 व्होल्ट, 35 अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरींच्या जोडीत 840 वॅट-अवर (साठवलेली वीज) असतात. त्यातले निम्मेच वापरायचे असं धरून किती लांब जायचं याचा हिशेब करा. पूर्ण उतरवून दिवसेंदिवस तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी पुन्हा पूर्वीइतकी भरत नाही. म्हणून फेरी छोटी असली तरी रात्री चार्जिंगला लावाच.