समस्या-उकल कौशल्याचे अध्यापन

महाविद्यालयात विज्ञान आणि गणित शिकणाऱ्यांना अनोळखी उदाहरणाला भिडायला शिकवण्याच्या पद्धतींचा हा विषय. प्राध्यापकांनी फळ्यावर झरझर सोडवलेले उदाहरण वहीत उतरवून हे कौशल्य येत नाही. तिथे तयार उकल दिसते, ती सापडेपर्यंतची चाचपणी दिसत नाही.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञांनी 1945 मध्ये ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजून घेणे, आराखडा आखणे, तो अमलात आणणे आणि उत्तर पुन्हा तपासणे. चौथी पायरी वर्गात बहुधा तास संपल्यामुळे राहते. पायऱ्या पाठ असूनही विद्यार्थी का अडकतात, याचा शोध गणित-शिक्षणाचे अभ्यासक अॅलन शोनफेल्ड यांनी घेतला. प्रश्न वाचताच विद्यार्थी एखादी वाट धरतात आणि ती कुठेच जात नसली तरी वेळ संपेपर्यंत सोडत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणून ते काम चालू असतानाच विचारत: नेमके काय करता आहात? का? त्याचा पुढे उपयोग काय?

दुसरी अडचण पाहण्यातली. मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची (Chi) आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये नवख्यांना आणि जाणकारांना भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांचे गट पाडायला सांगितले. नवख्यांनी ‘उतरणीची’, ‘स्प्रिंगची’ असे गट केले. जाणकारांनी ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम असे. ‘प्रकार’ पाठ करून परीक्षा काढणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते.

चूक कानावर आली तरच दुरुस्त करता येते. ‘महाविद्यालयात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ याचे समीकरण अनेक जण 6वि = प्रा असे लिहितात. वाक्यात शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चिन्हे मांडली जातात, किंवा ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या हे विसरून तो ‘विद्यार्थी’ या शब्दाचा संक्षेप समजला जातो. प्रा = 10 घातले की विद्यार्थी दोनही भरत नाहीत, आणि चूक आपोआप उघडी पडते.

अशी चूक कानावर यावी यासाठी आर्थर व्हिम्बी आणि जॅक लॉकहेड यांची जोडी-पद्धत सोयीची आहे. एक जण उदाहरण मोठ्याने वाचतो आणि सोडवताना मनात येईल ते बोलत राहतो. दुसऱ्याने फक्त ऐकायचे. सोडवणारा गप्प झाला की त्याला बोलते करायचे, ‘हे कशावरून?’ विचारायचे, चूक झाली आहे एवढेच सांगायचे. ती दुरुस्त करायची नाही. प्रत्येक उदाहरणानंतर भूमिका बदलतात. बिघडते ते ऐकणाऱ्यामुळे: तो स्वतःच सोडवू लागतो. त्याच्या हातातले पेन काढून घेणे हा साधा उपाय. उदाहरण फार सोपे असले तर बोलण्यासारखे काही उरत नाही, फार अवघड असले तर दोघेही गप्प बसतात.

मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया हेलर आणि सहकाऱ्यांनी तिघांचे गट आणि संदर्भयुक्त उदाहरणे वापरली. गटात एक जण काम पुढे नेतो, एक लिहितो, एक शंका काढतो, भूमिका फिरत्या. उदाहरणे कशी असावीत? ‘वेग 20 मी/से, घर्षणांक 0.5, गाडी किती अंतरात थांबेल?’ याचे उत्तर सूत्रात आकडे घालून 40 मीटर येते (g = 10 मी/से²). आता असे विचारा: ‘ताशी 72 किमी वेगाने जाताना 50 मीटरवर गाय दिसली. गाडीचे वस्तुमान 900 किलो, घर्षणांक 0.5. गाय वाचेल का?’ वस्तुमान लागतच नाही, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा वेळ दिलेलाच नाही. तो एक सेकंद धरला तर त्यातच 20 मीटर जातात, एकूण 60. उत्तर उलटते.

अगदी नवख्यांना मात्र आधी सोडवलेली उदाहरणे द्यावीत. सगळे एकदम शोधायला लावले तर कार्यस्मृतीवर (एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींच्या मर्यादित जागेवर) ताण येतो आणि शिकणे बाजूला राहते. पुढे शेवटची पायरी कोरी ठेवावी, मग शेवटच्या दोन. विषय अंगवळणी पडल्यावरही तयार उकली देत राहिल्यास त्या अडसर ठरतात.

गुणदान न बदलता हे सारे करणे व्यर्थ. केवळ अंतिम उत्तराला गुण असतील तर मुले पुन्हा सूत्र शोधू लागतात. दहापैकी दोन गुण आकृती व राशींना, तीन तत्त्व निवडून त्याचे कारण देण्याला, तीन आकडेमोडीला आणि दोन एकके व उत्तराचा अदमास तपासण्याला, अशी वाटणी चालते. ती पहिल्याच चाचणीपूर्वी फळ्यावर लिहून द्यावी.